साकव द्या, साकव!

विंझरच्या पलीकडच्या वाडीचा साकव ओढ्याच्या पुरात वाहून गेला, त्याची शासकीय नोंद वेळेत झाली. नवा साकव मात्र झाला नाही. लोक दोन पावसाळे पाण्यातून चालले. दुसऱ्या पावसाळ्यात जाईबाई दुधाच्या किटलीसकट घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. त्यांच्या मुलाने, प्रशिकने, पाच अर्ज केले. पाचही वेळा उत्तर आले: ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.’

भावना कमी पडत असाव्यात, असा निष्कर्ष काढून प्रशिकने बँड काढला. गिटार सोमनाथकडे, ड्रम गायत्रीकडे, तालीम सोमनाथच्या रिकाम्या पोल्ट्रीत. प्रकार पोस्ट-हार्डकोअर, म्हणजे आधी नम्रपणे विनवायचे आणि कोणी ऐकत नाही असे दिसले, की नरड्याच्या शिरा ताणून किंचाळायचे. प्रशिकला नव्याने काही शिकावे लागले नाही.

“ह्ये गाणं हाय व्हय?” जाईबाईंनी विचारले. “मला वाटलं, कुणाला इंचू चावला.”

“आये, साकव मागतोय.”

“मंग आनिक जोरात वरड.”

ओरडणे मुंबईच्या एका बड्या संगीत कंपनीपर्यंत पोचले. कंपनीच्या शेफालीमॅडम करार घेऊन आल्या. तिघांनी सह्या केल्या. एवढ्या मोठ्या तोंडाने मागितल्यावर नाही कोण म्हणेल?

पहिले गाणे आधी काही श्रोत्यांना ऐकवून पाहणी झाली. श्रोत्यांना किंचाळी फार आवडली. ती कशासाठी आहे हे कळताच कानाला लागू लागली.

“तुमचा राग अस्सल आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण साकव म्हणजे काय, शहरात कोणाला माहीत?”

“पूल म्हणू की,” गायत्री म्हणाली.

पुलाला विधी विभागाने हरकत घेतली. पुलामुळे एखाद्या खात्याची आठवण होते. प्रेमामुळे कोणत्याच खात्याची होत नाही. सबब ‘साकव द्या’चे ‘प्रीत दे’ झाले.

“ह्यात आमचं काय ऱ्हायलं?” सोमनाथने विचारले.

“राग. त्याला आम्ही हातही लावलेला नाही.”

गाणे तुफान चालले. भोरला सत्कार ठरला. शाल घालायला आले ते अर्जांना उत्तरे देणारे साहेबच. “थोरलीच्या हळदीला तुमचंच गाणं लावलं होतं!” ते गहिवरून म्हणाले.

प्रशिकने शाल बाजूला ठेवली, माईक घेतला आणि जुने शब्द धरले. आधी विनवले. मग आईचे मनगट आठवून असा किंचाळला, की आवाज फाटला आणि गायत्रीच्या हातातली काठी मोडली. सभागृह उठून उभे राहिले. साहेबही उठले. सगळ्यांनी मोबाईल उंच धरले.

“वन्स मोअर!” साहेब ओरडले. “माझं शूटिंग हललं!”

प्रशिकचा आवाज महिनाभर बसला होता. त्या सत्कारातल्या गाण्याची चित्रफीत अजून मोबाईलवर फिरते आहे. कंपनीच्या अहवालानुसार बघणारे एकविसाव्या सेकंदाला लाल बदाम देऊन पुढे सरकतात. ‘साकव’ हा शब्द बाविसाव्या सेकंदाला येतो.

तुम्हीही पाहिली असेलच.