छपरावरचं लाल पांघरूण

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही, पण डोकं आहे, आणि ते माझं आहे! संकट आलं की छपरावर लाल कापड टाकायचं आणि ते दिसताच डोंगरावरच्या आणि खालच्या गावाने धावत यायचं, ही योजना माझीच. शाळेच्या मास्तरांनी त्याबद्दल चारचौघांत माझी पाठ थोपटली होती.

त्या दिवशी बायको वरच्या गावी माहेरी गेली होती, संध्याकाळी परतणार होती. इकडे माझ्या हातून तिच्या लाल लोकरीच्या पांघरुणावर चहा सांडला. सासूबाईंनी लग्नात स्वतः विणून दिलेलं पांघरूण! बायको एकवेळ मला विसरेल, त्याला नाही. म्हटलं, त्यात काय, ती यायच्या आत धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवू.

डाग हट्टी, म्हणून पाणी उकळतं घेतलं. डाग गेला, पण लोकर अशी आटली की पांघरूण लहान पोराच्या मापाचं झालं. ताणून वाढेल या आशेने मी ते छपरावर पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि स्वतःवर खूश होऊन खाली उतरलो.

थोड्याच वेळात सुतार शिडी घेऊन आला. मागोमाग लोहार बादल्या घेऊन, चौघेजण आजाऱ्याला न्यायची डोली घेऊन, आणि धापा टाकत बायको आणि सासूबाई. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय झालं तुम्हाला?" बायको रडवेली झाली होती.

"पोटात दुखतंय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

बोलायचा अवकाश, मला डोलीत आडवं केलं. लोहाराने पोट असं दाबलं की ते खरंच दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, अंग गार पडलंय, काहीतरी पांघरा. सुतार तत्पर माणूस, आणि शिडी होतीच.

पांघरूण हनुवटीपासून निघालं आणि गुडघ्याशी थांबलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी पाय गुपचूप पोटाशी घेतले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मी तर हे दोघांना पुरेल असं विणलं होतं."

मग सगळं सांगावंच लागलं. मंडळी पोट धरून हसली आणि आपापल्या वाटेला लागली, सासूबाईसुद्धा. बायकोने पदर खोचला.

"आता जरा आत चला."

मी आत गेलो नाही. छपरावर चढलो आणि पांघरूण पुन्हा पसरलं. या वेळी मदत खरंच हवी होती.

चढावर आणि उतारावर मंडळी थांबली. सगळ्यांनी वळून पाहिलं, प्रेमाने हात हलवला आणि पुढे चालू लागली.