चौदाव्या दृश्यातला दात

पोटासाठी काम करणारा माणूस संध्याकाळी सहाला काम संपवून घरी येतो. आवडीसाठी काम करणारा माणूस घरातच असतो आणि त्याचं काम संपत नाही. समाजाची प्रगती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे होते, असं सर्वत्र सांगितलं जातं. (सांगणारे पहिल्या प्रकारचे असतात.)

वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरात असा माणूस निपजला. चौतिसाव्या वर्षी त्यांच्या मुलाने बरी चाललेली नोकरी सोडली आणि स्वतंत्र चित्रपट काढायला घेतला. स्वतंत्र म्हणजे कोणावरही अवलंबून नसलेला. यात आई, वडील, बहीण, मेहुणे आणि मेहुण्यांची गाडी धरलेली नाही.

चित्रपट एका अबोल म्हाताऱ्याचा होता. हा म्हातारा सबंध वेळ गप्प बसतो आणि चौदाव्या दृश्यात, मुलगा घरी परतल्यावर, एकदाच हसतो. भूमिका निरीक्षकांना मिळाली, कारण ते म्हातारे होते आणि घरीच होते. हसून दाखवताना त्यांचा पुढचा, कोपरा उडालेला दात दिसला आणि दिग्दर्शक भारावला. "बाबा, हा दात म्हणजे आपल्या फिल्मचा आत्मा आहे!" निरीक्षकांच्या कुठल्याही अवयवाबद्दल आजवर कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. ते मनापासून सुखावले.

कॅमेरावाल्या मित्राला लग्नांच्या कामातून सवड मिळेल तेव्हा, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी, चित्रीकरण होई. त्यामुळे कंटिन्युइटी नावाची बाई घरात राहायला आल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी घर जसं दिसलं तसंच शेवटच्या दिवशी दिसलं पाहिजे, मग मध्ये वर्षं का लोटेनात, असा तिचा हट्ट. किलोचं वजन किलोच राहावं यासाठी निरीक्षकांनी तेहतीस वर्षं नोकरी केली होती. त्यांना हा नियम तत्काळ पटला आणि त्यांनी फ्रिजवर सूचना लावली:

१. भिंतीवरील घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवरून हलवू नये.
२. कोचावरील चहाचा डाग पुसू नये. फिका पडल्यास कळवावे.
३. खिडकीतील रोप मेल्यास हुबेहूब दुसरे आणावे. (ते दोनदा मेलं.)
४. सौ. यांनी वजन वाढवू नये.

चौथ्या कलमाखाली सौ.नी पेनने लिहिलं, "आधी स्वतःचं पोट बघा." हा शेरा अजून तिथेच आहे.

तिसऱ्या वर्षी आत्मा ठणकू लागला. दातांच्या डॉक्टरीणबाई तो बघून म्हणाल्या, "आजच काढू या."

"चित्रीकरण संपलं की लगेच," निरीक्षक म्हणाले. "एक चौदावं दृश्य तेवढं राहिलंय."

"पू हाडात उतरेल, काका. मग शेजारचे दोन दातही जातील."

"शेजारचे दृश्यात नाहीत."

त्या दिवसापासून ते मऊ भात एका बाजूने चघळू लागले. मुलाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

"अहो, सांगून टाका ना त्याला सरळ," सौ. म्हणाल्या.

"त्याचं मन मोडेल गं."

"आणि तुमचा जबडा मोडला तर?"

निरीक्षकांनी भात आणखी कालवला.

मित्राला लग्नांतून सवडच होईना, त्यामुळे चौदावं दृश्य आणखी दीड वर्षाने झालं. निरीक्षकांचा गाल इतका सुजला होता की एक डोळा अर्धाच उघडत होता. मुलगा आनंदाने ओरडला, "बाबा, गालाचं काय केलंत तुम्ही? कमाल आहे!" कॅमेरावाल्या मित्रालाही आपलीच प्रकाशयोजना वाखाणावीशी वाटली.

पहिला खेळ रविवारी सकाळी, ऐंशी खुर्च्यांच्या एका सभागृहात ठेवला. निमंत्रणाला तीनशे चाळीस जणांनी "नक्की येतो!" असं उत्तर दिलं होतं. खुर्च्या कमी पडतील म्हणून मेहुणे सकाळपासून घाबरे झाले होते. प्रत्यक्षात अकरा माणसं आली. (पैकी दोघं खालच्या मजल्यावरचं योगाचं शिबिर शोधत होती.) डॉक्टरीणबाई मात्र आपला रुग्ण बघायला आवर्जून आल्या.

चौदावं दृश्य आलं. पडद्यावर दार उघडलं, म्हाताऱ्याचा मुलगा आत आला आणि कॅमेरा त्याच्या बुटांवर साडेचार मिनिटं थांबला. चित्रपट संपला. दात कुठेच नव्हता.

"हसू दाखवलं असतं तर फार सोपं झालं असतं, बाबा," दिग्दर्शकाने समजावलं.

निरीक्षकांना फार वाईट वाटलं. साडेचार वर्षं त्यांनी हे हसू सांभाळलं होतं. ते काहीतरी बोलणार, इतक्यात त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला. तो रिकाम्या खुर्च्या एकेक करून मोजत होता. तेव्हा निरीक्षक सगळी कळ सोसून तोंडभर हसले. "छान झालाय रे, बाळा."

मुलाने त्यांचे खांदे धरले. "हेच! बाबा, हेच हसू हवं होतं! चौदावं पुन्हा घेऊ!"

मागच्या रांगेत डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला.

दात अजून जागेवर आहे. पुन्हा चित्रीकरण होईपर्यंत निरीक्षकांनी जुनं काम हाती घेतलंय. माल तीनशे चाळीस सांगितला आणि भरला अकरा, ही तूट त्यांच्या खात्यात कधी खपवून घेतली जात नसे. ते एकेकाला नोटीस लिहितात: "आपण 'नक्की येतो' असे कळविले. प्रत्यक्ष तपासणीत आपण आढळला नाहीत. सात दिवसांत खुलासा करावा."

यादी अक्षरांच्या क्रमाने चालली आहे. तुमचं नाव यायला थोडा अवकाश आहे, तोवर कारण शोधून ठेवा. आणि नवा खेळ ठरला की निमंत्रण येईलच. काय उत्तर द्यायचं, ते तुम्हाला पाठच आहे.