नामदेवरावांची हळद

लेकरांनो, आमचे शेजारी, हळद पिकवणारे नामदेवराव कुणाला नमस्कार करत नाहीत. खिशातून वाळलेलं हळकुंड काढतात, तुमच्या कानाशी कटकन मोडतात आणि विचारतात, "आवाज ऐकला? वसमतचा माल हाय!"

सर्दी असो, मुरगळलेला पाय असो, नाहीतर नापास पुतण्या. त्यांचा उतारा एकच. मी एकदा म्हटलं, "भाऊ, माझा चष्मा सापडत नाही."

"हळद घ्या दुधातून, बाई. आठवंल."

त्यांच्या पत्नी शांताबाईंना मोठ्या आतड्याला सूज येण्याचा जुना आजार. गोळ्या कायमच्या. यंदा नामदेवरावांनी मोबाइलवर वाचलं, की हळदीतला एक घटक ही सूज उतरवतो. झालं! गोळ्या ट्रंकेत, हळद पेल्यात. "घरात पोतंभर औषध असताना इकत काहून आणायचं?"

परवा सकाळी शांताबाई कुंपणाशी आल्या. ओठ पांढरेफटक.

"संडासवाटे लई रक्त पडून राहिलं, बाई. ह्यांना सांगू नका."

"अहो, पण का?"

"रोज इचारतात, बरं वाटून राहिलं का? मी व्हय म्हणते. लई खूश होतात ओ."

एवढं बोलून त्या खालीच बसल्या.

मी नामदेवरावांना हाक मारली. फाइल घेतली, गोळ्या घेतल्या, गाडी बोलावली. आम्ही नांदेडच्या दवाखान्याकडे निघालो. शांताबाईंचा हात गार पडत होता आणि ते तो नुसते चोळत होते.

तिथे रक्त चढवावं लागलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आता धोका टळलाय. काका, हळदीतल्या त्या घटकावर अभ्यास चालू आहे. गोळ्यांच्या जोडीला काहींना फायदा दिसलाही. पण गोळ्यांच्या जागी नाही. आणि पेल्यात ढवळलेली हळद म्हणजे औषधाची मात्रा नव्हे."

नामदेवराव बाकावर बसले. म्हणाले, "बाई, पैशासाठी न्हाई केलं. ती रोज गोळी गिळते, मी निस्ता बघत बसतो. वाटलं, माझ्या हातचं काहीतरी लागू पडावं तिला."

आत गेल्यावर त्यांनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठांशी धरला.

"तोंड उघड. गिळली का बघू दे."

"लेकरू हाय का मी?"

"व्हय," ते म्हणाले, आणि पदरानं तिचे ओठ पुसले.