इस्त्रीला हात लावायचा नाही

सकाळी उठल्या उठल्या मास्तरांनी लेकीच्या डोक्याला हात लावून पाहिला. केस अजून ओलेच होते.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान, आणि त्याच दुकानात शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर त्यांची एकुलती एक लेक डोकंभर चिंध्यांच्या गाठी बांधून बसली होती. दहा वाजता तिची टीव्हीच्या एका वाहिनीवर बातम्या वाचण्याची चाचणी होती. दोन वर्षं ही पोरगी आरशासमोर बसून भूकंपापासून भाजीच्या भावापर्यंत सगळं वाचत आली होती. आवाज वाहिनीवाल्यांना पसंत पडला होता. फक्त वाहिनीच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "केस फारच चपटे दिसतात तुमचे. जरा कुरळे करून या."

कुरळे करायचे, पण गरम यंत्र लावायचं नाही, हा लेकीचा हट्ट. त्या यंत्राने मैत्रिणीच्या केसांचा झालेला झाडू तिने डोळ्यांनी पाहिला होता. मग तिने कुठूनसं शोधून काढलं, की ओले केस कापडाच्या पट्ट्यांवर गुंडाळून झोपलं की सकाळपर्यंत आपोआप वळतात. पट्ट्या पुरवायचं काम अर्थातच बाबांचं. त्यांनी चिंध्यांच्या टोपलीत हात घालून पांढरं दिसेल ते कापून दिलं होतं.

"सुकले का, बाबा?" लेकीने डोळे न उघडताच विचारलं. ती मनातल्या मनात बातम्या घोकत होती.

"सुकताहेत, सुकताहेत. तू वाच."

सुकण्याचं लक्षण काही दिसेना. पोरीचे केस कसले दाट, आणि खोलीतला पंखा फिरायचा तो केवळ नावाला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. त्यांची नजर हळूच टेबलाकडे गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभीच होती.

"अहो, इस्त्रीकडे काय बघताय? तिने काय बजावलंय?"

"बघायला काय जातंय? नुसतं बघतोय."

बायको आत वळली आणि मास्तरांनी इस्त्रीची कळ दाबली. रेशमाला देतात तेवढीच आच ठेवली, केसांच्या गाठींवर सुती फडकं धरलं आणि देवाचं नाव घेत इस्त्री हलकेच टेकवली.

"बाबा, डोक्याला गरम लागतंय."

"ऊन आलंय गं खिडकीतून."

"आपल्या खिडकीत ऊन कधी येतं?"

"आज आलंय. वाच तू."

केस सुकले. मास्तर खूश. पहिली गाठ सोडली तर आतून अशी देखणी बट निघाली की त्यांना वाटलं, उगीच घाबरलो. दुसरी, तिसरी, चौथीही तशीच. उजव्या कानामागची गाठ मात्र सुटली तरी पट्टी सुटेना. त्यांनी जरा ओढली.

"आई गं!"

मास्तरांनी वाकून पट्टी नीट पाहिली. ते साधं कापड नव्हतं, ते पेस्टिंग होतं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते, एका बाजूला चिकट खळ असलेलं. इस्त्री फिरली की जे चिकटतं ते जन्माचं. "कॉलर फाटेल, पण पेस्टिंग सुटणार नाही," अशी हमी मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना देत आले होते. शेजारची पट्टीही त्याच जातीची निघाली.

"काय झालं, बाबा?"

"गाठ बसलीय जरा."

त्यांनी बायकोला खुणेने बोलावलं. तिने पट्टी पाहिली, इस्त्री पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पोरीला काही दिसू नये म्हणून भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. मग तेलाची बाटली आली. तेलाने पेस्टिंग तसूभर हललं नाही, आजूबाजूच्या देखण्या बटा मात्र माना टाकून सरळ झाल्या.

"थोडंसं कापावं लागेल गं," मास्तर कसेबसे म्हणाले.

"कापा," ती म्हणाली.

कात्री चालली. उजवी बाजू आखूड झाली, म्हणून डावी तिच्या मापात आणली. डावी जरा जास्तच वर गेली, म्हणून पुन्हा उजवी.

"अहो, बाह्या नाहीत त्या," बायको कुजबुजली. पण मास्तरांचा हात थांबला तो थेट कानाच्या पाळीशी.

तेल धुऊन लेक आरशासमोर आली तेव्हा तिचे केस कुरळे तर नव्हतेच, फारसे उरलेही नव्हते. तिचे डोळे भरून आले. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

मास्तरांना दिवसभर काही सुधरेना. त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. पोरीची दोन वर्षांची मेहनत आपण एका इस्त्रीत घालवली, हे काही केल्या मनातून जाईना. दुपारी फोन वाजला तेव्हा तो उचलायचंही धाडस होईना. शेवटी बायकोने उचलून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, निवड झाली माझी. उद्यापासून यायला सांगितलंय."

"अगं, पण केस?"

"आधी बातम्या वाचणाऱ्या बाईंसारखे कुरळे केस त्यांना कुणाचेच मिळेनात. शेवटी कपाटातून विग काढला. बाकीच्या मुलींचे केस लांब, त्यांच्या डोक्यावर तो घागरीसारखा उभा राहायचा. माझ्या डोक्यावर बरोब्बर बसला. फक्त केस वाढू द्यायचे नाहीत, दर महिन्याला असेच कापून हवेत. आणि ज्यांनी आज कापले त्यांच्याकडूनच, असं वाहिनीच्या बाई म्हणाल्या."

मास्तरांना आनंद झालाच होता, पण मनात खुपत होतं ते आता बाहेर आलं. "बाळा, तुला एक सांगायचंय. ती गाठ नव्हती. ते..."

"पेस्टिंग होतं. माहितीये मला."

"कसं काय?"

"टेलरची मुलगी आहे मी, बाबा. वितळलेल्या पेस्टिंगचा वास ओळखू येणार नाही का मला?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तुमचे हात आधीच थरथरत होते, आणि कात्री माझ्या कानाशी होती."