सुटकेचा विषय पुढील सभेत

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात, परंड्याच्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या तुरुंगाला वरून एक परिपत्रक आलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे. परिपत्रकाचा विषय होता ‘सुधारसंस्थांमधील परिणामकारक नेतृत्वाचे गुण’. कैद्यांना नुसतं डांबून न ठेवता त्यांच्यातून नेतृत्व घडवावं, ते उन्हाळा संपायच्या आत घडवावं आणि तपासणीला येणाऱ्या वरिष्ठांना ते प्रत्यक्ष दाखवावं, अशी आज्ञा होती. गावात तेव्हा तोंड धुवायला पाणी नव्हतं, पण ते परिपत्रकाच्या कक्षेत येत नव्हतं.

जेलर शांतलिंग कोरे हे सरळ गृहस्थ. नोकरीत त्यांनी आजवर कुलपं लावली होती आणि कुलपं काढली होती. नेतृत्व हा माल त्यांनी कधी हाताळला नव्हता. म्हणून त्यांनी चार जाणत्यांना विचारलं. जिल्ह्यात त्या काळी पुढारी तयार करायची एकच रीत चालू होती. आधी सहकारी संस्था काढायची. संस्था निघाली की तिला चेअरमन लागतो, आणि चेअरमन झाला की वासराला शिंगं फुटावीत तसं माणसाला पुढारीपण आपोआप फुटतं. पुण्या-मुंबईकडं दुसरी एखादी रीत असेलही, आमच्याकडं ती पोचली नव्हती.

संस्थेला काहीतरी काम हवं. तुरुंगाच्या मागच्या अंगाला, आवारातच, निजामाच्या वेळची दगडी विहीर होती, आणि अख्ख्या गावात पाणी होतं ते तिच्यातच. कैदी ते दोरानं शेंदायचे, आणि तुरुंगाला, तहसीलीला, साहेबलोकांच्या घरांना पोचवायचे. झालं, काम सापडलं. ‘बंदीजन पाणीउपसा व वाटप सहकारी संस्था, मर्यादित’ उभी राहिली. सहकार खात्याचे आण्णासाहेब येऊन पोटनियम देऊन गेले. सेक्रेटरी तर शोधावाच लागला नाही. गोरोबा नावाचा कैदी एका खेड्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि त्याच सोसायटीच्या अफरातफरीत आत आला होता. इतका अनुभवी माणूस बाहेर जाहिरात देऊनही मिळाला नसता.

चेअरमन म्हणून पिराजी बिनविरोध निवडून आला. हा पिराजी दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मुकादमानं त्याच्या बायकोची हजेरी मांडली नाही, म्हणून त्यानं रिकामं टोपलं उचलून मुकादमाच्या डोक्यात घातलं, आणि त्यापायी त्याला थोड्या दिवसांची शिक्षा झाली. त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. शिवाय तो लवकर सुटणार असल्यामुळं पुढं दुसऱ्यालाही संधी होती.

खरं सांगतो, पिराजीनं काम झकास केलं. पाणी शेंदायच्या पाळ्या लावल्या. म्हाताऱ्या कैद्यांना दोराला लावायचं नाही असं ठरवलं. पोहऱ्यावरून रोज मारामाऱ्या व्हायच्या, त्या थांबल्या. कोरेसाहेबांनी वर कळवलं, ‘नेतृत्व घडले आहे.’ वरून उत्तर आलं, ‘तपासणीपर्यंत जपून ठेवावे.’ आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं, कारण पिराजीची शिक्षा संपली.

त्या सकाळी त्याची बायको पुतळाबाई फाटकाशी येऊन बसली होती. घरची बैलजोडी सरकारी छावणीत होती. छावणी मोडणार अशी बोलणी सुरू झाली होती. ज्याच्या नावावर जनावरं त्यानं स्वतः येऊन अंगठा उठवला तरच ती परत मिळणार होती, नाही तर लिलाव. आणि बैल गेले तर त्या घराला पुन्हा जन्मभर खडीच फोडायची होती, हे पुतळाबाईला कुणी परिपत्रक काढून सांगायची गरज नव्हती.

“चला,” ती नवऱ्याला म्हणाली. “आज निगालं तर उद्या छावणीत पोचताव.”

कोरेसाहेब आडवे आले. “पिराजी, तुझी शिक्षा संपली हे खरं. पण तुझा कार्यकाल संपलेला नाही.”

“सायब, म्या काय नोकरीला हाय व्हय?”

आण्णासाहेब मुद्दाम आले होते, त्यांनी समजावून सांगितलं. संस्थेचे दोर, पोहरे, रहाट चेअरमनच्या ताब्यात. नव्या चेअरमनला रीतसर चार्ज न देता तो गेला, तर तो अपहार होतो. अपहार केला की खटला, खटला झाला की तुरुंग. म्हणजे बाहेर पडला तर तो परत आतच येणार. मग एवढी पायपीट कशाला, असा त्यांचा सवाल होता.

“मग तुमीच सोडा की मला. म्हंजी म्या ग्येलो आसं व्हनार न्हाय.”

“सोडलं असतं हो,” कोरेसाहेब कळवळून म्हणाले. “पण कालपासून तुम्ही कैदी नाही. जो कैदीच नाही त्याला सोडायचं कसं? तशी तरतूद नाही.”

पिराजीला जन्मात पहिल्यांदा कुणी साहेबानं ‘तुम्ही’ म्हटलं होतं. त्या गडबडीत ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानं राजीनामा दिला. आता आमच्याकडं राजीनाम्याची एक रीत आहे, ती परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. चेअरमन राजीनामा देतो तो नामंजूर व्हावा म्हणून. सभासदांनी तो एकमुखानं फेटाळायचा, कुणीतरी डोळे पुसायचे, मग गूळ-शेंगदाणे वाटायचे आणि घरी जायचं. राजीनामा मंजूर करणं म्हणजे भरल्या ताटावरून माणूस उठवणं. गोरोबानं ही रीत सगळ्या बराकीला आधीच शिकवून ठेवली होती. सभा भरली, राजीनामा वाचला, टाळ्यांच्या कडकडाटात नामंजूर झाला. एक दरोडेखोर तर हुंदके देऊन रडला. गूळ नव्हता, तेव्हा नुसत्या शेंगदाण्यांवर भागवलं.

“आरं, म्या खरंच द्यायलोय,” पिराजी काकुळतीला येऊन म्हणाला.

“समदेच खरंच देत्यात, चेअरमनसायब,” गोरोबा म्हणाला. “मन मोटं लागतं त्येला.”

पिराजीनं मग स्वतःचं डोकं चालवलं. चांगलं वागून हे लोक सोडत नाहीत, तर वाईट वागून बघावं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दोराला हात लावणं बंद केलं. पहिली आंघोळ आपली, आणि तीही ऐसपैस, असं जाहीर केलं. शेजारच्या ताटातली भाकरी न विचारता उचलायला लागला. एका म्हाताऱ्या कैद्याकडून पाय चेपून घेतले. जेलरची खुर्ची उचलून विहिरीच्या काठावर नेली आणि तिच्यात बसून लोकांना शिव्या घातल्या. संध्याकाळपर्यंत आपल्याला हाकलतील, अशी त्याची अटकळ होती.

“आता कुटं चेअरमन वाटायलाय,” कैदी आपसात बोलू लागले. “आदी लईच साधा व्हता. साध्या मानसाच्या हातनं कामं व्हत न्हायती.”

कोरेसाहेबांनी वर कळवलं की नेतृत्व परिपक्व होत आहे.

पुतळाबाई दर बाजाराच्या दिवशी यायची आणि फाटकाच्या गजांतून विचारायची, “कवा येताव?”

“जरा दम धर. मला पाडायचंच चाललंय,” पिराजी सांगायचा, आणि ती बिचारी छावणीची खबर देऊन परत जायची.

एके दिवशी फाटकाशी मुकादम आला. तोच तो, टोपलं खाल्लेला. त्याच्या घरचं पाणी संपलं होतं. शिपायानं आत सोडल्यावर रिकामी घागर घेऊन तो खुर्चीपुढं उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, “चेअरमनसायब, येवडी घागर भरून द्यायचं बगा की.” पिराजीनं त्याला दुपारपर्यंत उन्हात उभं केलं आणि मग अर्धी घागर दिली. त्या दिवशी पिराजीला तुरुंगातली भाकरी गोड लागली. माझ्या मते माणूस हातचा गेला तो त्या दिवशी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. इथं तर शेजारी दुसरा बैलही नव्हता, नुसती खुर्ची होती.

अखेर विरोधी पक्ष उभा राहिला. व्यंकट नावाच्या पाकीटमाराला आपणही चेअरमन व्हावं असं वाटू लागलं. त्यानं बराकीत सह्या-अंगठे गोळा करून अविश्वासाचा ठराव दिला. हे ऐकून पिराजीनं पुतळाबाईला निरोप धाडला की आता सुटलो. पण निरोप धाडताना त्याचा चेहरा म्हणावा तसा खुलला नव्हता.

गोरोबानं जेलरची गाठ घेतली. “सायब, आविश्वास आला की सभासद गावात ठिवायचे नसत्यात. मतदानाच्या दिवशी त्येंला तुळजापूरला हलवायचं. कोरम झाला न्हाय की ठराव बारगळतोय. समद्या सोसायट्यात हेच चालतंय.”

तपासणी तोंडावर आली होती. चेअरमन पडला तर पुन्हा पहिल्यापासून नेतृत्व घडवायची पाळी, आणि तेवढा वेळ कोरेसाहेबांकडं नव्हता. त्यांनी ‘नैतिक शिक्षणासाठी सहल’ मंजूर केली. सभेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं सगळे कैदी, सगळे शिपाई आणि खुद्द जेलरसाहेब तुळजापूरला रवाना झाले. बेड्या घातल्या नव्हत्या, कारण सभासदाला बेडी घालणं सहकाराच्या तत्त्वात बसत नाही, असा गोरोबानं मुद्दा काढला होता. देवीपुढं बेलभंडारा उचलून सगळ्यांनी पिराजीशी इमान राखायची शपथ घेतली. व्यंकटही गेला होता. ठराव त्याचाच होता, पण दर्शन चुकवायला त्याचं मन होईना, आणि जिथं गर्दी तिथं त्याचा धंदा. एकही कैदी पळाला नाही. पळाला असता तर सभासदत्व रद्द झालं असतं.

इकडं तुरुंगात पिराजी एकटाच. फाटक सताड उघडं, कारण ते लावायला कुणी उरलं नव्हतं. पुतळाबाई भर उन्हाची चालत आली, आणि आज पहिल्यांदाच थेट आत विहिरीपर्यंत गेली. पिराजी खुर्चीत बसला होता.

“उद्या छावणी मोडायलेत,” ती म्हणाली. “उद्याच लिलाव हाय. फाटक उगडं हाय, कुनी आडवायला न्हाय. उटा.”

पिराजीनं फाटकाकडं बघितलं. “आज सभा हाय ना. आध्यक्षच उटून ग्येला तर सभेचं कसं व्हनार?”

“सभेला हाय कोन?”

“कुनीच न्हाय. म्हनून तर तहकूब कराया कुनीतरी बसाया पायजे.”

“आन् बैल?”

पिराजीनं खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. “बैलांचा इषय फुडच्या सभेत घिऊ.”

पुतळाबाईनं खुर्चीतल्या नवऱ्याकडं बघितलं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण समोर बसलेला माणूस तिच्या ओळखीचा वाटत नव्हता. मग ती डोईवर पदर ओढून एकटीच छावणीकडं निघाली. तिथल्या साहेबानं तिचा अंगठा घेतला नाही. बैल नवऱ्याच्या नावावर होते, आणि नवरा सभेत होता.

त्याच सुमाराला संस्थेला बैलांची निकड भासली. वरिष्ठ येणार, त्यांच्यापुढं सभासद हातानं पाणी शेंदताना दिसले तर ते मागासलेपण दिसेल. मोट हवी, मोटेला बैल हवेत. गोरोबा एका शिपायाला घेऊन लिलावाला गेला आणि चांगली खिल्लारी जोडी घेऊन आला. जोडी विहिरीकडं आली तेव्हा पिराजी खुर्चीतून उठला. त्यानं डावीकडच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. बैलानं मान वळवून त्याचा हात चाटला. मग सेक्रेटरीनं हाक मारली आणि तो परत जाऊन बसला.

बैलांच्या मागं मागं पुतळाबाई फाटकापर्यंत आली होती.

“आवं, हे आपलेच हायती की.”

“संस्थेचे हायती,” पिराजी खाली बघत म्हणाला.

“धनी आत, बैल आत,” पुतळाबाई कोरेसाहेबांना म्हणाली. “आता मलाबी आत घ्या.”

कोरेसाहेबांनी पोटनियम उघडून नीट बघितले. “महिला सभासदांची तरतूद नाही,” ते मनापासून हळहळत म्हणाले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

तपासणी उत्तम झाली. वरिष्ठांनी मोट बघितली, चेअरमन बघितला, त्याच्या पायाशी बसलेले सभासद बघितले, आणि परिणामकारक नेतृत्वाचे सगळे गुण इथं एका जागी आढळले असा शेरा दिला. जाता जाता त्यांच्याच हजेरीत बैलखरेदीचा ठराव सभेपुढं आला. विरोधात कुणी आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं. आवारात एकही हात वर झाला नाही. फाटकाबाहेर पुतळाबाईनं हात वर केला होता, पण ती सभासद नसल्यामुळं तो मोजता आला नाही.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. वाचकहो, तुमचंही मत विरोधात पडलेलं नाही. तुम्ही पहिल्या ओळीपासून हसत होता, आणि त्याची नोंद अनुकूल मत म्हणून घेण्यात आली आहे.