सुर्वे आणि रणगाड्याचं बुश

इरा आणि नील,

कॉलेजच्या अर्जासोबत इराने लिहिलेला निबंध तुमच्या आईने मला पाठवला. विषय होता, 'मला घडवणारी व्यक्ती'. मी चष्मा पुसून वाचायला बसले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, इराचं पहिलं स्पेलिंग फोनवरून मीच घोटून घेतलं. निबंधात कोण असणार, याची मला शंका नव्हती. निबंध निघाला शेजारच्या सुर्व्यांवर! मी त्यात एकदाच येते, कांदेपोह्यांची बशी घेऊन. व्याकरणाची एकही चूक नाही, हे मान्य. ते कोणामुळे, हे निबंधात नाही.

तेव्हा सुर्वे आजोबांबद्दल उरलेलं सगळं आता मीच लिहून ठेवते.

हा माणूस शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मायक्रोमीटर ठेवतो. केसाची जाडी मोजणारं हत्यार ते. वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीत त्याच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. गणपतीत त्यांनी माझ्या उकडीच्या मोदकाची पारी चारचौघींसमोर मोजली आणि जाहीर केलं, "वहिनी, एका अंगाला जाड आहे." गुडघा दुखतो म्हटलं, तर "मापात सांगा, वहिनी. शंभरात किती?"

वागळे इस्टेटमध्ये त्यांचा छोटा कारखाना आहे. दोन लेथ, एक ग्राइंडर, चार माणसं. तिथे वर्षानुवर्षं पंपांचे सुटे भाग बनत. मग लष्कराचं सामान देशातच बनवायचं असं सरकारचं धोरण आलं आणि यापुढे बाहेरून आणायच्या नाहीत अशा वस्तूंची यादी पेपरात आली. बाकीच्यांनी तो पेपर रद्दीत टाकला. सुर्व्यांनी यादी कापून फ्रिजवर चिकटवली, कारण तिच्यात रणगाड्याच्या पट्ट्यातलं एक बुश होतं. बुश म्हणजे पोलादाची छोटी, पोकळ नळी.

"रणगाडा देश बनवणार," ते लिफ्टमध्ये म्हणायचे, "पण बुश कोण बनवणार?"

तिसरा मजला आला की "सुर्वे बनवणार!" असं स्वतःच सांगून ते उतरत. मी एकदा म्हटलं, धोरणं दिल्लीत ठरतात, तुम्ही कशाला रक्त आटवता? तर म्हणाले, "धोरण दिल्लीचं, वहिनी. पण शेवटचा शतांश मिलिमीटर वागळे इस्टेटलाच काढावा लागतो."

दोन वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीला आलात, तेव्हा मी रोजचा कार्यक्रम लिहून कपाटावर लावला होता. वाचन, उपवन तलाव, आंबेडाळ. इरा मात्र सकाळी सुर्व्यांच्या स्कूटरवर बसून जायची आणि काळी नखं घेऊन परत यायची. कार्यक्रमाचा कागद मी शेवटपर्यंत काढला नाही. कोणाच्या तरी लक्षात येईल, असं वाटत होतं.

आता जे तुम्हा दोघांना माहीत नाही ते सांगते. गेल्या खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, मीही गेले होते. नमुन्याची वीस बुशं लष्कराच्या तपासणीला जायची होती. आधीच्या तीन खेपांची नापास झालेली. ही नापास झाली तर सुर्वे हा नाद सोडणार होते. तेल लावून, कागदात गुंडाळून त्यांनी पेटी उंच फळीवर ठेवली होती. "त्याला हात नको, ते देशाचं आहे," असं सगळ्यांना बजावलं होतं.

सुर्व्यांचा फोन लेथला टेकवलेला होता आणि त्यात व्हिडिओ कॉलवर इरा. "सुर्वे आजोबा, हे दाखवा! सुर्वे आजोबा, ते दाखवा!" मी दोनदा कॅमेऱ्यासमोरून गेले. कोणी विचारलं नाही. सुर्वे पेढे आणायला बाहेर गेले, तशी मी पेटी खाली काढली. वीसच्या वीस बुशांवरचं तेल पदराने पुसलं, ओल्या बोटाने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं आणि ताट फोनसमोर धरलं.

"वॉव, आजी!" इरा म्हणाली.

त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर खूश होते. बुशं पुन्हा पुसून, नीट ओळीत गुंडाळून ठेवली होती. तपासणीत पेटी उघडली तेव्हा सगळ्यांवर गंज. वीसही परत आली.

सुर्व्यांनी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगितलं, "माझाच हात ओला होता. घाई केली." मी त्यांचं सांत्वन केलं. खरं लिहायचं तर मनातून मला किंचित बरंही वाटलं.

पुढे खोपटला भाजी घेताना पुष्पा कांबळे भेटली. ती सुर्व्यांच्या कारखान्यात माल तपासते.

"बाई, तुम्हाला सुर्वेभाऊ काही बोलले नाहीत ना? प्रत्येक डागाखाली कुंकू होतं. मी म्हटलं, बाईंना विचारते. तर माझ्यावरच डाफरले. 'खबरदार, पुष्पा! नातीने एकदा आजीचं कौतुक केलंय, ते राहू दे.'"

भाजी तिथेच विसरून मी घरी आले आणि सुर्व्यांची बेल वाजवली. त्यांची बायको सुमनवहिनी गेल्यापासून त्या घरात एकच खुर्ची टेबलाशी असते.

"भाऊजी, ते माझ्या हातून झालं."

"माहीत आहे. बसा, चहा टाकतो." दुसरी खुर्ची त्यांनी आतून ओढत आणली. बराच वेळ गाळणी शोधली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "इरा दर रविवारी तुम्हाला फोन करते ना? मला फक्त अडलं की करते. मधली भिंत चार इंची आहे, वहिनी. तिचं हसणं ऐकू येतं. नक्की कशावर हसते, ते मात्र कळत नाही."

मी चहा पूर्ण प्यायले. साखर नव्हती, ते सांगितलं नाही.

त्यांनी नाद सोडला नाही. नवी वीस बुशं गेली आहेत, निकाल यायचा आहे. कारखाना चालू आहे, चारही माणसं कामावर आहेत. रविवारी फोन आला की मी सुर्व्यांना हाक मारते. पहिली दहा मिनिटं मात्र माझी. तेवढा मत्सर अजून शिल्लक आहे.