डोमाजी मिस्त्रीला न सापडलेली हवा

कोणाच्याही घरी गेला की डोमाजी मिस्त्री चपला काढायच्या आधी दारातल्या गाडीखाली वाकून पाहतो. लग्न असो, बारसं असो, मयत असो, त्याला फरक पडत नाही. आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले, तेव्हा मयत न्यायला आलेल्या गाडीच्या इंजिनाला कान लावून तो इतका वेळ मान खाली घालून उभा राहिला, की बाहेरगावच्या पाहुण्यांना तोच मोठा मुलगा वाटला. दोघातिघांनी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने मान न वळवता सांगितलं, “हवा घेऊन राह्यली.”

डोमाजीच्या तोंडात दिवसभर दोनच गोष्टी असतात, सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि हे वाक्य. मी गडचिरोली, धानोरा आणि पुढे जंगलातलं बोरटोला अशी एका खाजगी मालकाची बस चालवतो. डोमाजी त्या बसचा मिस्त्री. गाडी रस्त्यात दगा देते म्हणून शेठने त्याला रोज गाडीबरोबर पाठवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून तो माझ्या सीटच्या मागे बसून माझ्या मानेवर खर्ऱ्याचा वास सोडत असतो.

हवा घेण्याचं प्रकरण आधी सांगतो, कारण त्याच्याकडून ऐकायचं झालं तर तुमची गाडी सुटेल. डिझेलच्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत पाइप जातो. मधे कुठे जॉइंट सैल झाला, वॉशर दबला, पाइपाला चीर गेली, की इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढतं. मग गाडी गचके देते, बंद पडते, आणि फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हाताने पंप मारून सगळा फेस बाहेर काढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. डिझेल गळत असेल तर खाली डाग तरी पडतो. हवा आत शिरते, तिचा डाग पडत नाही. ती शोधणं किचकट काम आहे हे मी मान्य करतो. पण डोमाजीने या कामाचा जो सोहळा करून ठेवला आहे, तो मान्य करायला मी तयार नाही.

त्याच्या गळ्यात कायम एक पारदर्शक नळी असते. इंजिनाकडच्या पाइपाच्या जागी ही नळी लावायची आणि तिच्यातून बुडबुडे जातात का ते पाहायचं. मग एकेक जॉइंट मागे सरकत, प्रत्येकाला ग्रीस फासत टाकीपर्यंत जायचं. ज्या जॉइंटला ग्रीस लावल्यावर बुडबुडे थांबले तो चोर. एवढं सोपं. पण डोमाजी बुडबुडे पाहायला बसला की आधी साऱ्या प्रवाशांना गप्प करतो. “कोणी बोलू नका, मले आयकू येऊन नाई राह्यलं.” बुडबुडे डोळ्यांनी पाहायचे असतात, त्याला शांतता कशाला, हे विचारायची कोणाची छाती होत नाही. मोबाइल बंद करायला लावतो. एकदा एका बाईचं लेकरू रडायला लागलं, तर गाडीखालून आवाज आला, “त्याले खांद्यावर घ्या बाई, हवा अडकली असन.” आणि लेकराने खरंच ढेकर दिला. त्या दिवसापासून धानोऱ्याच्या बाया त्याला अर्धा डॉक्टर समजतात, आणि तो स्वतःला पूर्ण समजतो.

तांब्याचे वॉशर तो शर्टच्या त्याच खिशात ठेवतो ज्यात खर्रा ठेवतो. बोलता बोलता एक दिवस त्याने दोन्ही तोंडात टाकलं. बराच वेळ चावल्यावर म्हणाला, “आजची सुपारी काही खास नाई गा.”

जगातल्या प्रत्येक भानगडीवर त्याचं निदान ठरलेलं. ग्रामपंचायतीत भांडण झालं, बचत गट फुटला, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं, की हा म्हणणार, “कुठी तरी जॉइंट ढिला हाये.” मग कोणता जॉइंट, कोणामुळे ढिला, हे नळी बोटाने फिरवत समजावून सांगणार. दुसऱ्यांच्या घरातले सगळे जॉइंट त्याला तोंडपाठ. स्वतःच्या घराचं विचारलं की मात्र त्याला लगेच इंजिन तपासायचं असतं.

त्याच्या घराचं मी सांगतो, सगळ्या धानोऱ्याला माहीत आहे. त्याला एकच मुलगी. तिच्या लग्नात वरात आली ती बस मांडवासमोर गचके देत थांबली. नवरीचा बाप मांडवात पाहिजे की नको? हा नवा सदरा घालून गाडीखाली. आधी म्हणाला, हे एवढं पाहून येतो. मग म्हणाला, फिल्टरपर्यंत आलो. वरपक्ष विचारतो, “सासरे कुठी हायेत?” कोणीतरी सांगतो, “गाडीखाली हायेत, येऊनच राह्यले.” मुहूर्त काही थांबला नाही. कन्यादान मामाने केलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि हा काळ्या हातांनी, काळ्या सदऱ्याने, खुशीत वर आला आणि म्हणाला, “सापडली.” मुलगी त्याच बसमध्ये बसून सासरी गेली. गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही, हे तो अजून अभिमानाने सांगतो.

त्याची बायको बायनाबाई पाहुण्यांचं सगळं उरकेपर्यंत थांबली. पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि ती पेटी घेऊन माहेरी बोरटोल्याला निघून गेली. तिथे तिच्या वाट्याची धानाच्या शेताची बांधी आहे, रस्त्याला लागून घर आहे. ती परत आलीच नाही. डोमाजीने आणायला जायला हवं होतं. तो गेला नाही. म्हणाला, “राग हाये, उतरन.” इंजिन गरम झाल्यावर वाट पाहतात तशी त्याने वाट पाहिली. मग लोकांनी विचारणं सोडलं.

आता आमच्या बसचं ऐका. बोरटोल्याच्या आधी घाट आहे. घाट चढला की गाडी गचके द्यायची, आणि बोरटोल्याला नेमकी बायनाबाईच्या कुंपणासमोर मोहाच्या झाडाखाली बंद पडायची. मग हवा काढा. अर्धा तास मोडायचा. परतीच्या प्रवाशांच्या शिव्या खायला मी, शेठचा फोन घ्यायला मी, आणि पंप मारायलाही मीच, कारण मिस्त्री गाडीखाली शोध घेत असायचे. सबंध पावसाळा गेला, धान कापून झालं, तरी शोध संपेना. जो माणूस परक्या वरातीची हवा मुहूर्त टळायच्या आत पकडतो, त्याला रोजच्या गाडीची हवा सापडत नव्हती. मी त्याला सांगूनही पाहिलं, “मिस्त्री, टाकी फुल असली का गाडी हवा नाई घेत. शेठ डिझल मोजून टाकते तवाच घेते.” त्याने माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. “तू गाडी चालव गा. शोधाचं मी पाहतो.”

गाडी थांबली की बायनाबाई कुंपणाच्या दारात यायची. एका हातात पाण्याचा पितळी गुंड, दुसऱ्या हातात कपडे धुवायच्या साबणाची वडी. दोन्ही जमिनीवर ठेवायची आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहायची. हात धुवून झाले की दोन ताटल्या आणायची, भात आणि अंबाडीची भाजी. दोन्ही माझ्या हातात द्यायची. ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. माझ्याशी बोलत.

“ड्रायव्हरभाऊ, त्याइले सांगा, भाजीत मीठ जास्त पडलं.”

“सांग गा, बरोबर हाये.”

“त्याइले सांगा, पोरीचा फोन आल्ता. नातू उभा राहून राह्यला.”

“सांग, पायात चाळ घाला म्हणा.”

मी तोंडात घास असताना दोन्हीकडचा निरोप दोन्हीकडे देत बसायचो. ती दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर उभी. असला मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

शेवटी शेठचा फोन आला. त्याने स्पष्टच सांगितलं, गाडी यापुढे एकदा जरी उशिरा आली तर बोरटोल्याची फेरी बंद, बस धानोऱ्यालाच वळवायची. मी हे डोमाजीला सांगितलं. तो खर्रा चोळत होता, त्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये चहाचा कप घेऊन उभा होतो. डोमाजीने गळ्यातली नळी काढून खुंटीला अडकवली. फिल्टरकडे गेला नाही, पंपाकडे गेला नाही, एकाही जॉइंटला हात लावला नाही. सरळ टाकीशी गेला, वरचे बोल्ट काढले आणि टाकीच्या आतला पाइप उपसून बाहेर घेतला. वरच्या बाजूला, पूर्वी झाळून डाग दिलेला होता तिथे बारीक चीर होती. डिझेल त्या चिरेच्या खाली गेलं की पाइप हवा ओढायचा. टाकी फुल असली तर चीर बुडालेली असायची. पाइप झाळून, परत बसवून होईपर्यंत माझा चहा नीट थंडही झाला नव्हता.

मी विचारलं, “तुमाले माईत होतं?”

“आज समजलं.”

“मंग हात सरळ तिथीच कसा गेला?”

त्याने चिंधी उचलली. मग माझं डोकं फिरलं. माझे दुखणारे खांदे, शेठची बोलणी, लोकांच्या शिव्या, सगळं मी त्याला गॅरेजभर ऐकवलं. लबाड म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खाली बसून चिंधीने पाना पुसत राहिला. पाना केव्हाच साफ झाला होता. मी थांबल्यावर म्हणाला, “रोज तिच्या दारात जाचं तं काही कारण पाहिजे ना गा. बिनकामाचा कसा जाऊ? काय म्हणू तिले?”

मी उरलेला चहा ओतून दिला आणि गाडी बाहेर काढली.

त्या दिवशी गाडी घाट अशी चढली की मला स्टिअरिंग धरल्याचं समाधान वाटलं. बोरटोल्याला मोहाच्या झाडाखाली थांबली आणि चालूच राहिली. बायनाबाई गुंड आणि साबण घेऊन दारात आली. डोमाजी खाली उतरून उभा होता. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात कोरडे आणि साफ होते. ते कुठे ठेवावे हे त्याला सुचत नव्हतं.

“ड्रायव्हरभाऊ, आज गाडी बंद नाई केली?”

“हवा सापडली, बाई.”

“कुठी होती?”

मी डोमाजीकडे पाहिलं. हे उत्तर मी देणार नव्हतो. तो घसा साफ करून, तिच्याकडे बघून बोलला, “टाकीत होती. मले पयल्या दिवसापासून माईत होतं.”

बायनाबाईने गुंड खाली ठेवला. “मलेबी माईत होतं,” ती म्हणाली. “एका हवेले तुमाले इतके दिवस लागत नाई. मी का नवी हावो का?”

गाडीतली माणसं माना बाहेर काढून पाहायला लागली. परतीचे प्रवासी चढले, कंडक्टरने घंटी दिली. डोमाजीने पायरीवर पाय ठेवला, मग परत खाली घेतला. माझ्या खिडकीशी आला आणि रोजच्यासारखा हुकूम सोडावा तसं म्हणाला, “तू जा गा. मी मागच्या गाडीनं येतो.”

कंडक्टर तोंड उघडून काही सांगणार होता. मी त्याच्याकडे डोळे वटारले आणि गिअर टाकला. बोरटोल्याला दिवसातून एकच गाडी येते. ती मीच आणतो.